धर्मप्रसाराचे कर्तव्य आणि परधर्मीयांचा आदर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपला धर्म इतरांना सांगणे हे ज्याला कर्तव्य वाटते त्याचे प्रश्न वेगळे असतात आणि ज्याला तो ऐकून घ्यावा लागतो त्याचे वेगळे असतात. तरीही दोघे अखेर एकाच जागी येऊन थांबतात : सांगण्याचा हक्क कुठपर्यंत जातो आणि ऐकून न घेण्याचा हक्क कुठून सुरू होतो? निरनिराळ्या धर्मांच्या लोकांच्या बैठकींत पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे कोणत्याही एका धर्माच्या वतीने दिलेली नाहीत. मात्र ती पूर्णपणे तटस्थ आहेत, असाही दावा नाही. जिथे लेखकाचे स्वतःचे मत आहे, तिथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

आपल्या धर्माचा प्रसार करणे हे सर्वच धर्मांत कर्तव्य मानले जाते का?

नाही, आणि ज्या धर्मांत ते मानले जाते तिथेही त्याचा अर्थ एकच नाही. ख्रिस्ती परंपरेत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस (२८:१९) येशू आपल्या शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो, आणि ती आज्ञा केवळ त्या अकरा जणांना नसून आपल्यालाही आहे, असे बहुतेक चर्च मानतात. इस्लाममध्ये यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी 'बोलावणे' असा होतो, आणि कुरआनात (१६:१२५) हे बोलावणे शहाणपणाने व चांगल्या उपदेशाने करावे, वाद घालायचाच झाला तर तो उत्तम रीतीने घालावा, असे सांगितले आहे. बुद्धाने आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' चारिका, म्हणजे गावोगाव फिरती, करण्यास सांगितले, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये अशी सूचनाही दिली. धम्म जास्तीत जास्त लोकांच्या कानी पडावा, हाच तिचा सरळ हेतू दिसतो.

याउलट यहुदी परंपरा परक्यांना आपल्यात ओढू पाहत नाही. जो स्वतःहून येऊ इच्छितो त्यालाही आधी परावृत्त करून पाहण्याची रब्बींची जुनी रीत आहे, आणि इतरांनी नोहाच्या नावाने ओळखले जाणारे सात नियम पाळले तरी पुरे, अशी तिची धारणा आहे. भारतातील पारशी समाजही परंपरेने बाहेरच्यांना धर्मात घेत नाही. हिंदू परंपरेच्या बाबतीत एकच उत्तर देता येत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात 'न चाशुश्रूषवे वाच्यम्', म्हणजे ज्याला ऐकण्याची इच्छा नाही त्याला हे सांगू नये, असे बजावले आहे. पण त्याच परंपरेतून निघालेल्या आर्य समाजाने शुद्धीची, म्हणजे इतर धर्मांत गेलेल्यांना परत हिंदू धर्मात घेण्याची, चळवळही चालवली. गीतेतील तो एक चरण लेखकाला या संपूर्ण विषयात फार मोलाचा वाटतो.

माझाच धर्म खरा असे मी मानत असेन, तर दुसऱ्याच्या धर्माचा आदर करणे हा दांभिकपणा ठरत नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुधा प्रामाणिक असतात. त्यात एक गफलत मात्र दडलेली असते. आदर मताचा करायचा की माणसाचा, हे त्यात स्पष्ट केलेले नसते. एखादे मत चुकीचे वाटत असताना ते बरोबर असल्याचा आव आणणे हा दांभिकपणाच आहे. परंतु ते मत बाळगणारा माणूस विचार करू शकतो, त्याने आपल्या श्रद्धेसाठी आयुष्य वेचलेले असू शकते, तिच्याबद्दल तो आपल्यापेक्षा अधिक जाणतो, हे मान्य करण्यासाठी त्याच्या मताला होकार द्यावा लागत नाही.

इतिहासात या दोन्ही गोष्टी एका हाताने लिहिल्या गेल्याची उदाहरणे आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ या दिवशी धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनामा संमत केला, आणि त्याच दिवशी चर्चच्या मिशनकार्यावरील आदेशही संमत केला. एका कागदावर म्हटले आहे की सत्य हे केवळ सत्य म्हणून असलेल्या बळावरच मनाचा ठाव घेते, सक्तीने नव्हे. दुसऱ्यात म्हटले आहे की चर्च स्वभावतःच मिशनरी आहे. परिषदेला यात विसंगती वाटली नाही. अर्थात कॅथलिक चर्चला तिथवर पोहोचायला अनेक शतके लागली आणि मधल्या काळात सक्तीच्या बाप्तिस्म्यांपासून धर्मन्यायालयांपर्यंत बरेच काही घडले, हे विसरून त्या जाहीरनाम्याचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

त्याच्याही फार आधीचे उदाहरण अशोकाचे आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने धम्माच्या प्रसारासाठी दूरदूरच्या देशांत माणसे पाठवली. श्रीलंकेत महिंद गेल्याची परंपरा प्रसिद्धच आहे. तोच राजा आपल्या बाराव्या शिलालेखात सांगतो, की जो आपल्या पंथाच्या भक्तीपायी आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो खरे तर आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो. तिथे तो वाणीच्या संयमावर भर देतो आणि 'समवायो एव साधु', म्हणजे एकत्र येणे हेच चांगले, असे म्हणतो. लक्षात घेण्यासारखे हे की त्याने लोकांना गप्प बसायला सांगितलेले नाही. एकमेकांचा धर्म ऐकावा, असे सांगितले आहे.

त्यापेक्षा 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' असे म्हणून टाकले तर वाद मिटणार नाही का?

वाद मिटतो, पण सोबत संभाषणही मिटते. ईश्वर मानणारा आणि ईश्वराचा प्रश्नच बाजूला ठेवणारा, पुनर्जन्म मानणारा आणि एकाच जन्मानंतर न्यायनिवाडा मानणारा, हे एकच सांगत आहेत असे म्हणणे म्हणजे दोघांचेही नीट न ऐकण्यासारखे आहे. ज्याने आपल्या श्रद्धेसाठी घरच्यांचा रोष पत्करला आहे त्याला 'तुमचे आणि आमचे सारखेच' असे ऐकवले, तर त्यात त्याला आपुलकी दिसेलच असे नाही. गांधीजींच्या सर्वधर्मसमभावात 'सम' हा शब्द भावाला लावलेला आहे, धर्मांच्या सिद्धांतांना नव्हे. हा फरक मराठीत शब्दातच दिसतो, तरी तो सहसा निसटतो.

सांगणे कुठे संपते आणि सक्ती कुठे सुरू होते?

तलवार, कैद, जमिनीची जप्ती किंवा बहिष्काराची धमकी ही सक्ती आहे, यावर आज क्वचितच कोणी वाद घालेल. अडचण मधल्या पट्ट्यात आहे, आणि त्या पट्ट्यासाठी युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे आलेले ग्रीसमधील दोन खटले शेजारी ठेवून पाहणे उपयोगी पडते.

पहिला खटला मिनोस कोक्किनाकिस या क्रीट बेटावरील गृहस्थाचा. तो यहोवाचे साक्षीदार या पंथाचा होता, आणि धर्मप्रचाराविरुद्धच्या कायद्याखाली त्याला आयुष्यात साठाहून अधिक वेळा अटक झाली होती. १९८६ मध्ये तो आणि त्याची पत्नी एका बाईंच्या घरी गेले. बाईंचे यजमान तिथल्याच ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गायक होते. चर्चा झाली, यजमानांनी पोलिसांना कळवले आणि पुढे शिक्षा झाली. १९९३ मध्ये न्यायालयाने ही शिक्षा धर्मस्वातंत्र्याचा भंग ठरवली. ग्रीसचा कायदा न्यायालयाने मोडीत काढला नाही. पण आपल्या श्रद्धेची साक्ष देणे वेगळे आणि गैरमार्गाने धर्मांतर घडवणे वेगळे, आणि यातला दुसरा प्रकार घडल्याचे ग्रीक न्यायालयांनी पुरेसे दाखवलेले नाही, असे त्याने म्हटले.

दुसरा खटला १९९८ चा आहे. ग्रीक हवाई दलातील तीन अधिकारी पेंटेकोस्टल पंथाचे होते. ते आपल्या हाताखालच्या जवानांशी आणि काही नागरिकांशीही धर्माबद्दल बोलत. न्यायालयाने येथे निकालाचे दोन तुकडे केले : नागरिकांशी बोलल्याबद्दल दिलेली शिक्षा अयोग्य, पण हाताखालच्या जवानांशी बोलल्याबद्दल दिलेली शिक्षा योग्य. माणसे तीच आणि पंथही तोच. फरक एवढाच की नागरिक उठून जाऊ शकत होता आणि जवानाला वरिष्ठापुढे उभे राहावे लागत होते.

लेखकाच्या मते सगळा प्रश्न इथेच उलगडतो. आपण काय सांगतो यापेक्षा ऐकणाऱ्याला निघून जाता येते का, हे अधिक महत्त्वाचे आहे. मालक आणि नोकर, शिक्षक आणि विद्यार्थी, डॉक्टर आणि रुग्ण, सावकार आणि कर्जदार यांच्यामध्ये जे अंतर असते त्यात गोड शब्दांनाही वजन येते, आणि ते वजन बोलणाऱ्याला बहुधा जाणवत नाही. वरिष्ठ म्हणतो, 'मी तर सहज बोललो होतो.' त्याच्या बाजूने ते खरेही असते.

एखादी धार्मिक संस्था शाळा किंवा दवाखाना चालवत असेल, तर ते आमिष समजावे का?

केवळ चालवते म्हणून नाही. श्रद्धेपोटी सेवा करणारा माणूस श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही योग्य नाही. पण मदत मिळण्यासाठी, टिकण्यासाठी किंवा वाढण्यासाठी धर्माची कोणतीही अट, उघड किंवा मुकी, लागली तर ते आमिषच होय. आपत्तीच्या वेळी मदत करणाऱ्या संस्थांसाठी रेड क्रॉस चळवळीने इतर संस्थांसोबत १९९४ मध्ये तयार केलेल्या आचारसंहितेत, मदतीचा वापर विशिष्ट राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी केला जाणार नाही, असे कलम आहे. मदत गरजेनुसारच दिली जाईल, हेही त्यात स्पष्ट आहे.

तरीही काही प्रसंग असे असतात की तिथे नियम पुरत नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, ते पुढे पुण्यात गेले. विधवा मुलींच्या शिक्षणासाठी असलेल्या या संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या आणि आपली प्रार्थना त्या करत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना हाकलावे की बसू द्यावे? रमाबाईंनी बसू दिले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळींनी संस्थेशी संबंध सोडला. रमाबाईंचे म्हणणे, आपण कोणाला बोलावले नाही. सल्लागारांचे म्हणणे, आश्रयाला आलेल्या मुलींवर आश्रय देणारीच्या प्रार्थनेचा प्रभाव पडणारच. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी तथ्य होते. मुलींना स्वतःला काय वाटत होते, याला त्या वादात फारशी जागा मिळाली नाही, ही खंत मात्र राहते.

आजारी किंवा शोकात असलेल्या माणसाला आपल्या धर्माचा दिलासा देणे योग्य आहे का?

विचारल्याशिवाय नाही. येथे लेखकाचा स्वतःचा एक प्रसंग सांगणे भाग आहे. एका सहकाऱ्याचे वृद्ध वडील रुग्णालयात होते. त्यांचा धर्म वेगळा. भेटायला गेल्यावर त्यांची अवस्था पाहून मन भरून आले आणि त्यांच्या पलंगाशी उभे राहून, कोणालाही न विचारता, लेखकाने आपल्या पद्धतीची प्रार्थना म्हटली. हाताला सलाइन लावलेली होती. त्यांनी शांतपणे डोळे मिटून घेतले. त्यांना बरे वाटले असावे, अशा समजुतीत लेखक घरी परतला. काही महिन्यांनी त्या सहकाऱ्याने, अजिबात न रागावता, सांगितले : 'बाबांना उठून जाता येत नव्हते, म्हणून त्यांनी डोळे मिटले.'

तेव्हापासून विचारण्याचा एक साधा क्रम पाळला जातो. आधी 'काही हवे आहे का' असे विचारावे. प्रार्थनेचा विषय त्यांनी काढला तरच 'माझ्या पद्धतीने केली तर चालेल का, की तुमच्या धर्मातील कोणाला बोलावू' असे विचारावे, आणि या दुसऱ्या पर्यायासाठी खरोखर धावपळ करण्याची तयारी ठेवावी. तयारी नसेल तर विचारू नये.

लहान मुलांना दुसऱ्या धर्माबद्दल सांगावे का?

माहिती द्यावी, आपल्या बाजूला वळवू नये. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने आपल्या श्रद्धेनुसार मुलांचे धार्मिक व नैतिक शिक्षण करण्याचे आईवडिलांचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. आईवडिलांच्या नकळत मुलाला प्रार्थनेला नेणे, मग ती खाऊ आणि खेळांच्या निमित्ताने का असेना, हा विश्वासघात आहे. 'घरी सांगू नकोस' हे वाक्य ज्या उपक्रमात उच्चारले जाते, त्या उपक्रमाबद्दल आणखी काही तपासण्याची गरज उरत नाही.

दुसऱ्या धर्मातील चुकीच्या वाटणाऱ्या गोष्टींवर टीका करणे अनादराचे आहे का?

टीका आणि टवाळी यांत भेद आहे. कुरआनात (६:१०८) श्रद्धावंतांना बजावले आहे, की इतर लोक अल्लाहखेरीज ज्यांना हाक मारतात त्यांना शिवीगाळ करू नका, नाहीतर तेही अज्ञानाने अल्लाहला शिवीगाळ करतील. हा व्यवहारी शहाणपणाचा नमुना आहे, आणि तो एकेश्वरवादावर तसूभरही तडजोड न करणाऱ्या ग्रंथात आहे, म्हणून अधिक बोलका आहे.

टीका करायची असेल तर निदान दोन पथ्ये पाळावीत. आपल्या धर्माचे उत्तमातले उत्तम आणि दुसऱ्याच्या धर्माचे वाईटातले वाईट, अशी तुलना करू नये; आपल्या संतांची गाठ त्यांच्या संतांशी घालावी आणि आपल्या भोंदूंची त्यांच्या भोंदूंशी. दुसरे असे, की दुसऱ्याच्या धर्माचे वर्णन आपण असे करावे की त्या धर्माचा जाणकार माणूस ते ऐकून 'होय, आम्ही हेच मानतो' असे म्हणू शकेल. ज्याला हे जमत नाही त्याने अजून अभ्यास केलेला नाही.

अभ्यास किती करावा? सांगायचे असेल तर आपला धर्म माहीत असणे पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. मातेओ रिच्ची हा इटालियन जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य, १५८० च्या दशकात चीनमध्ये गेला, तेव्हा त्याने प्रथम भाषा शिकली, मग कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथ अभ्यासले, आणि १६०१ मध्ये तो पेकिंगला पोहोचला तो विद्वानांच्या वेशात, विद्वानांशी बोलू शकणारा माणूस म्हणून. मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण फादर स्टीफन्सचे आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या जेझुइटाने १५७९ मध्ये गोव्यात आल्यावर मराठी इतकी आत्मसात केली की १६१६ मध्ये छापलेले त्याचे 'क्रिस्तपुराण' ओवीत आहे, आणि त्यातील मराठीची स्तुती आजही पाठ असलेले लोक आहेत. त्याच काळात गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि धर्मन्यायालय चालू होते, ही याची दुसरी बाजू आहे. एकाच धर्माच्या नावाने एक माणूस भाषेवर प्रेम करत होता आणि एक यंत्रणा ती भाषा बोलणाऱ्यांना छळत होती. ओवी वाचताना हे दोन्ही लक्षात ठेवावे लागते.

दारात आलेल्या प्रचारकाला नकार कसा द्यावा?

स्पष्टपणे आणि थोडक्यात द्यावा. आपल्याकडे 'बघू', 'सवडीने बोलू', 'विचार करून सांगतो' अशी नकाराची मऊ रूपे वापरण्याची सवय आहे, आणि समोरच्याने ती ओळखावीत अशी अपेक्षा असते. पण कर्तव्यबुद्धीने आलेला माणूस 'बघू' या शब्दात आशा शोधतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. मग आपण चिडतो आणि तो गोंधळतो. त्यापेक्षा 'माझी श्रद्धा मला पुरेशी आहे, या विषयावर मला बोलायचे नाही, कृपया पुन्हा येऊ नका' एवढे म्हणावे. पत्रक नको असेल तर घेऊ नये; घेऊन त्याच्या देखत फाडणे हा नकार नसून अपमान आहे. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारल्याने आपला धर्म बुडत नाही, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते.

मी प्रचारकार्य करतो. लोक नाही म्हणाले तर माझे कर्तव्य अपुरे राहिले, असे समजायचे का?

कर्तव्य सांगण्याचे आहे. पटवून देणे आपल्या हाती दिलेले नाही, आणि हे धर्मग्रंथांनीच म्हटले आहे. कुरआन (८८:२१–२२) प्रेषिताला सांगतो, की तू केवळ आठवण करून देणारा आहेस, त्यांच्यावर नेमलेला अधिकारी नव्हेस. लूकच्या शुभवर्तमानात एका शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही, तेव्हा दोन शिष्य आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागतात. येशू वळून त्या शिष्यांनाच धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावी निघून जातात. नकार मिळाल्यावर काय करायचे, याचे याहून स्पष्ट उत्तर सापडणे कठीण आहे : दुसऱ्या गावी जायचे.

अडचण अशी, की अनेक संस्थांमध्ये प्रचारकाला आकडे द्यावे लागतात : किती घरी गेलात, किती आले, किती टिकले. आकडा मागितला की माणूस दारावर थोडा अधिक वेळ रेंगाळतो, 'बघू'चे 'होय' करून घेतो, गरजूंच्या वस्तीकडे आधी वळतो. वैयक्तिक सभ्यतेला अशा वेळी मर्यादा पडते; बदल हिशेबाच्या पद्धतीतच करावा लागतो. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून ख्रिस्ती साक्षीसाठी आचरणाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. आपापसांत पुष्कळ मतभेद असलेल्या या तिघांनी फसवणूक आणि जबरदस्तीची साधने एकमुखाने नाकारली, आणि धर्म बदलू इच्छिणाऱ्याला विचार करण्यास व तयारीस पुरेसा वेळ दिला पाहिजे, असे म्हटले. वेळ देण्याची ही शिफारस आकड्यांच्या घाईवरच बोट ठेवते.

मनात धर्मप्रसाराचा हेतू ठेवून केलेली मैत्री खरी असू शकते का?

मित्राने आपले प्रिय ते आपल्याला सांगावे, यात काही गैर नाही. कसोटी पुढे लागते : त्याने 'नको' म्हटल्यावर फोन येणे बंद झाले, तर ती मैत्री नव्हती, ती मोहीम होती. हेतू असेल तर तो लवकर सांगून टाकावा. वर्षभर चहा घेतल्यानंतर जो उलगडतो तो हेतू समोरच्याला आधीच्या सगळ्या चहांचा हिशेब नव्याने करायला लावतो.

कायदा काय म्हणतो?

देशोदेशीचे कायदे वेगवेगळे आहेत, म्हणून आपल्या देशातील कायदा जाणकाराकडूनच समजून घ्यावा. स्थूलमानाने, १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा अठरावा अनुच्छेद धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत देतो, आणि १९६६ चा करार धर्म बाळगण्याच्या किंवा स्वीकारण्याच्या स्वातंत्र्याला बाधा आणणारी सक्ती निषिद्ध मानतो. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २५ सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व प्रसार करण्याचा हक्क देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात असा अर्थ लावला, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. या निकालावर टीकाही झाली आहे. तिचा गाभा असा, की ज्याला धर्म बदलायचा आहे त्याच्या स्वातंत्र्याचा विचार येथे पुरेसा झालेला नाही.

त्या टीकेत दम आहे. धर्मांतराच्या चर्चेत बदलणारा माणूस नेहमी 'बदलला गेलेला' म्हणूनच येतो, जणू त्याला स्वतःचे डोके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात १९३५ मध्ये हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि नागपूरला १९५६ मध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अनेक धर्मांचे लोक त्यांना आपल्याकडे बोलावत होते. ते वाचत होते, तपासत होते आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

घरातल्या कोणी धर्म बदलला तर काय करावे?

आधी ऐकावे. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतिपत्नी काही काळ वेगळे राहिले, मग पुन्हा एकत्र आले, आणि लक्ष्मीबाई पुढे काही वर्षांनी, स्वतःच्या वाटेने विचार करून, ख्रिस्ती झाल्या. त्या मधल्या काळाबद्दल त्यांनी 'स्मृतिचित्रे'त कडवटपणा न ठेवता लिहिले आहे. प्रत्येक घराची गोष्ट अशी जुळून येत नाही. मात्र घराचे दार लावून घेतले की परत बोलण्याची शक्यताही बाहेरच राहते.

ज्याने नवा धर्म स्वीकारला आहे, त्याने जुन्या धर्माच्या लोकांशी कसे वागावे?

मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील उपालीची कथा येथे सांगण्याजोगी आहे. उपाली हा निगंठ नातपुत्त, म्हणजे महावीर, यांचा श्रीमंत गृहस्थ अनुयायी होता. बुद्धाला वादात हरवण्यासाठी तो गेला आणि वादाच्या ओघात त्यालाच बुद्धाचे म्हणणे पटले. त्याने उपासक होण्याची इच्छा सांगितली. एवढा नामवंत माणूस आपल्याकडे येतो आहे म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्याने गावभर पताका फिरवल्या असत्या, असे उपाली स्वतःच म्हणतो. बुद्धाने त्याला सांगितले, गृहपती, नीट विचार करून पाहा. तुझ्यासारख्या प्रसिद्ध माणसाने विचारपूर्वक वागणे बरे. उपाली ठाम राहिला, तेव्हा बुद्धाने आणखी एक गोष्ट सांगितली : तुझे घर फार दिवसांपासून निगंठांसाठी, म्हणजे जैन साधूंसाठी, पाणवठ्यासारखे आहे, म्हणून ते दाराशी आले तर त्यांना भिक्षा द्यावी, हे विसरू नकोस.